ह्युवेक पेशी आयएल-६ला दाद का देत नाहीत? आणि रिसेप्टर अडवल्यावर रक्तातलं आयएल-६ वाढतं ते का?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

दाहाच्या वेळी रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर आयएल-६चा, म्हणजे इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनाचा (सायटोकाइन), काय परिणाम होतो, हे तपासायचं आहे. मांडणी अशी: ह्युवेक, म्हणजे नाळेच्या शिरेतून काढलेल्या अस्तरपेशी, चौथा पॅसेज, सिक्स-वेल प्लेट. पेशी सुमारे ८०% भरल्या की ०.५% सीरम असलेल्या माध्यमात चार तास उपाशी ठेवायच्या. मग मानवी रिकॉम्बिनंट आयएल-६, २० नॅनोग्रॅम प्रति मिली, १५ आणि ३० मिनिटं.

वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं बँडच्या, म्हणजे पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) फॉस्फो-स्टॅट३चा, म्हणजे निरोप पोचल्यावर पेटणाऱ्या स्टॅट३ प्रथिनाच्या चालू रूपाचा, मागमूस नाही. एकूण स्टॅट३ मात्र व्यवस्थित दिसतं. त्याच कुपीतलं आयएल-६ हेप-जी२ या यकृतपेशींवर टाकलं तर १५ मिनिटांत ठसठशीत बँड येतो, म्हणजे प्रथिन खराब नाही. ह्युवेकच्या माध्यमात १०% मानवी सीरम मिसळून आयएल-६ दिलं की अंधुक बँड दिसतो.

सीरममध्ये असं काय आहे? आणि मुळातला गोंधळ असा की काही ठिकाणी आयएल-६ला दाह भडकवणारं म्हणतात, काही ठिकाणी दाह शमवणारं. एकच रेणू दोन्ही कामं कशी करतो?

सह्यकडा

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते आयएल-६मध्ये शोधून सापडणार नाही. ते रिसेप्टरमध्ये आहे.

आयएल-६ला पेशीत निरोप पोचवायला दोन प्रथिनं लागतात. पहिलं आयएल-६ रिसेप्टर अल्फा, सुमारे ८० किलोडाल्टन. फ्लोवाले, म्हणजे फ्लो सायटोमेट्रीने पेशींवरची प्रथिनं मोजणारे, याला सीडी१२६ म्हणतात. ते आयएल-६ला धरतं, पण त्याची पेशीच्या आतली शेपटी आखूड आहे आणि निरोप आत नेण्याचं काम तिच्याकडे नाही. दुसरं जीपी१३०, म्हणजे सीडी१३०. याच्या आतल्या भागाला जॅक१, जॅक२ आणि टिक२ ही एन्झाइम्स चिकटलेली असतात. खरा निरोप आत नेतं ते हेच. गंमत म्हणजे एकट्या आयएल-६ला जीपी१३० ओळखतसुद्धा नाही. आयएल-६ आधी अल्फाला बसायला हवं, मगच ती जोडी जीपी१३०ला पकडते. शेवटी दोन आयएल-६, दोन अल्फा आणि दोन जीपी१३० असा सहा रेणूंचा जुडगा तयार होतो.

आता मुद्द्याचं. जीपी१३० शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर आहे. अल्फा मात्र मोजक्याच पेशींवर: यकृतपेशी, मोनोसाइट, न्युट्रोफिल, काही टी आणि बी पेशी. हेप-जी२वर अल्फा आहे म्हणून ती लगेच दाद देते. ह्युवेकवर तो नगण्य आहे म्हणून ती गप्प बसते.

तुमच्या सीरममध्ये हाच अल्फा विरघळलेल्या रूपात आहे. निरोगी माणसाच्या रक्तात तो ढोबळमानाने २५ ते ७५ नॅनोग्रॅम प्रति मिली असतो. पेशीच्या पृष्ठावरचा रिसेप्टर अ‍ॅडॅम१७ आणि अ‍ॅडॅम१० ही एन्झाइम्स कात्रीसारखी कापतात. काही भाग आरएनएच्या वेगळ्या जुळणीतूनही थेट विद्राव्य रूपात बनतो. हा सुटा अल्फा रक्तात आयएल-६ला धरतो आणि ती जोडी कुठल्याही जीपी१३०वाल्या पेशीला जाऊन भिडते. पेशीला स्वतःचा अल्फा असण्याची गरजच उरत नाही. याला ट्रान्स-सिग्नलिंग म्हणतात आणि पृष्ठावरच्या अल्फामार्फत चालतं ते क्लासिक. बहुतेक सायटोकाइनचा विद्राव्य रिसेप्टर आपल्या सायटोकाइनला अडवतो. आयएल-६चा त्याला नव्या पेशींपर्यंत पोचवतो. हे उलटेपण पक्कं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

भडकवणं आणि शमवणं यांचं कोडंही इथेच सुटतं. उंदरांत केवळ ट्रान्स मार्ग अडवला तरी आतड्याचा दाह आणि सांध्यांचा दाह कमी होतो. आतड्याच्या अस्तराची डागडुजी, यकृताचा तातडीचा प्रतिसाद ही कामं मुख्यतः क्लासिक मार्गाने चालतात. हा विभाग अगदी काटेकोर नाही, पण दिशा म्हणून भरवशाचा आहे.

तुमच्या विषयाशी थेट जोडलेलं एक उदाहरण. दाहाच्या सुरुवातीच्या तासांत न्युट्रोफिल गर्दी करतात आणि त्यांच्यावर अल्फा भरपूर असतो. त्या मरणपंथाला लागल्या की अल्फा कापून बाहेर टाकतात. तो आयएल-६ला घेऊन अस्तरपेशींच्या जीपी१३०वर बसतो. मग अस्तरपेशी एमसीपी-१, म्हणजे मोनोसाइटना बोलावणारं प्रथिन, सोडतात, मोनोसाइट येतात आणि न्युट्रोफिलचा ओघ आटतो. तीव्र दाह पुढच्या टप्प्यात सरकतो तो असा. हे वेळेवर थांबलं नाही तर तोच मार्ग जुनाट दाह पोसतो.

मोजपट्टी

सह्यकडा यांनी पाया घातला आहे, मी आकडे घालतो. या प्रयोगात मात्रा मोलारमध्ये बदलून घेतल्याशिवाय काहीच उमगत नाही.

आयएल-६ सुमारे २१ किलोडाल्टन, म्हणजे तुमचे २० नॅनोग्रॅम म्हणजे साधारण १ नॅनोमोलार. विद्राव्य अल्फा ५० किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे ५० नॅनोग्रॅम प्रति मिली हेही १ नॅनोमोलार. दोघांच्या एकमेकांना धरण्याची ताकद, म्हणजे केडी, सुमारे १ नॅनोमोलार (आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट). दोन्ही १-१ नॅनोमोलार घातले तर जोडी जमते फक्त ०.३८ नॅनोमोलार. अल्फा २०० नॅनोग्रॅमवर नेला, म्हणजे ४ नॅनोमोलार, तर ७६% आयएल-६ जोडीत जातं. म्हणून ह्युवेकवर आयएल-६ २० आणि अल्फा १०० ते २०० घ्या. दोन्ही ३७ अंशांना ३० मिनिटं एकत्र ठेवा आणि मगच पेशींवर घाला.

तुमच्या १०% सीरममधून अल्फा आला जेमतेम ५ नॅनोग्रॅम, म्हणजे ०.१ नॅनोमोलार. जोडी बनली ०.०५ नॅनोमोलारच्या घरात. या जोडीला जीपी१३० फार घट्ट धरतं, केडी दहा-एक पिकोमोलार, त्यामुळे एवढ्यावरही काहीतरी दिसायला हवं, आणि दिसतंय. पण त्याच सीरममध्ये विद्राव्य जीपी१३०ही असतं, अल्फाच्या कितीतरी पट. रक्तात २५० ते ४०० नॅनोग्रॅम प्रति मिली. ते जोडीला पेशीपर्यंत पोचण्याआधीच पकडून ठेवतं. बँड अंधुक आहे तो बहुधा म्हणूनच. शरीराने ठेवलेला हा बांधच समजा: थोडं आयएल-६ सुटलं तर अल्फा त्याला धरतो, विद्राव्य जीपी१३० जोडी गिळतं आणि बाकी शरीराला कळतही नाही. निरोगी रक्तात आयएल-६ काही पिकोग्रॅम असतं, ते यात सहज जिरतं. तीव्र सेप्सिसमध्ये ते हजारपटीहून जास्त चढतं आणि बांध फुटतो.

दरवेळी दोन गोष्टी वेगळ्या घालणं कटकटीचं वाटत असेल तर हायपर-आयएल-६ वापरा. त्यात आयएल-६ आणि अल्फा लवचिक दुव्याने एकाच साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे जोडी सुटण्याचा प्रश्न येत नाही. १० ते २० नॅनोग्रॅम पुरतं.

सांजवारा

थोडा मतभेद नोंदवतो. ह्युवेकवर अल्फा नाहीच, असं छातीठोकपणे लिहू नका. काही गटांनी तो कमी प्रमाणात का होईना, पाहिला आहे. लॉट, पॅसेज, माध्यमातले घटक यांनी फरक पडतो. तेव्हा आपल्याच पेशींवर फ्लोने सीडी१२६ मोजा आणि सोबत सीडी१३०ही. दोन सावधगिरी: पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या तर पृष्ठावरचे रिसेप्टर तुकडे होऊन जातात, त्यामुळे अ‍ॅक्युटेज किंवा इडीटीए वापरा. आणि त्याच नळीत फॉस्फो-स्टॅट३ही बघायचं असेल तर मिथेनॉल पीई हा फ्लोतला चमकता रंग आणि त्याचे टँडम, म्हणजे जोडरंग, मारून टाकतं. पृष्ठरंग मिथेनॉल सोसणारे निवडा.

फक्त सीरमची विहीर घातली आहे का, हे प्रश्नात दिसलं नाही. ती नसेल तर तो अंधुक बँड आयएल-६चा आहे असं म्हणता येणार नाही. जीपी१३० हे एलआयएफ, ऑन्कोस्टॅटिन-एम या आयएल-६च्या भावंड सायटोकाइनांचंही सामायिक दार आहे, आणि ह्युवेक ऑन्कोस्टॅटिन-एमला जोरात दाद देतात. सीरममधून असलं काही आलं तरी स्टॅट३ पेटेल. त्याच कारणाने ऑन्कोस्टॅटिन-एम, १० नॅनोग्रॅम, हा तुमचा उत्तम पॉझिटिव्ह कंट्रोल: त्यावर बँड आला तर जीपी१३०, जॅक आणि स्टॅट३ ठणठणीत आहेत आणि उणीव अल्फाचीच आहे, हे एका पट्टीत सिद्ध होतं.

विहिरी अशा लावा: काही न घातलेली, आयएल-६ एकटं, अल्फा एकटा, आयएल-६ आणि अल्फा, तेच अधिक जीपी१३०-एफसी, म्हणजे प्रतिपिंडाच्या शेपटीला (एफसी) जोडलेलं विद्राव्य जीपी१३०, १० मायक्रोग्रॅम, आयएल-६ आणि अल्फा अधिक टोसिलिझुमॅब (आयएल-६ रिसेप्टर अडवणारं प्रतिपिंड-औषध), आणि ऑन्कोस्टॅटिन-एम. जीपी१३०-एफसी ट्रान्स अडवतं, हेप-जी२वरचं क्लासिक अडवत नाही. टोसिलिझुमॅब दोन्ही अडवतं. पण एक खाच आहे. माध्यमात अल्फा आयएल-६पेक्षा मोलारने बराच जास्त असला तर सगळं आयएल-६ जोडीत जातं, जोडी जीपी१३०-एफसी धरून ठेवतं आणि मग क्लासिकही अडल्यासारखं दिसतं. तेव्हा हेप-जी२वर तुलना करताना अल्फा वरून घालू नका.

ब्लॉटच्या बाबतीत: पेशी गच्च भरल्या की ह्युवेकच नव्हे, बऱ्याच पेशींमध्ये स्टॅट३ आपोआप पेटतं, म्हणून ८०%वरच थांबणं बरोबर आहे. लायसिस बफरात ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलार ताजं घाला, सोडियम फ्लोराइडही, आणि सगळं बर्फावर. प्लेट इनक्युबेटरमधून बाहेर काढून धुण्यात पाच मिनिटं गेली तर १५ मिनिटांचा बिंदू प्रत्यक्षात २०चा होतो. आणि ई. कोलायत बनवलेल्या प्रथिनात एंडोटॉक्सिन किती, ते कुपीच्या कागदावर पाहा. एंडोटॉक्सिनने ह्युवेक स्वतःच आयएल-६ सोडतात, त्यामुळे २ ते ४ तासांनी दिसणारा परिणाम फसवा असू शकतो. १५ मिनिटांच्या बिंदूला ही भीती नाही.

उंदराच्या पेशी वापरणाऱ्यांसाठी: मानवी आयएल-६ उंदराच्या पेशींवर चालतं, उंदराचं आयएल-६ मानवी पेशींवर चालत नाही. आणि टोसिलिझुमॅब उंदराचा रिसेप्टर धरत नाही. तिथे एमआर१६-१ हे प्रतिपिंड लागतं.

रात्रपाळी

धागा प्रयोगशाळेचा आहे, पण हाच रिसेप्टर वॉर्डात रोज भेटतो, म्हणून विचारते. टोसिलिझुमॅब दिल्यावर दोन दिवसांनी आयएल-६चा रिपोर्ट पूर्वीपेक्षा कित्येक पट जास्त येतो आणि नातेवाइकांपासून ज्युनिअरपर्यंत सगळे म्हणतात, औषध लागू पडलं नाही. त्याच वेळी सीआरपी, म्हणजे दाहाबरोबर रक्तात चढणारं प्रथिन, धडाधड खाली. दोन्ही रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध कसे?

सह्यकडा

विरुद्ध नाहीत, दोन्ही एकच गोष्ट सांगतायत: रिसेप्टर झाकला गेला आहे.

टोसिलिझुमॅब आयएल-६ला हातही लावत नाही. ते अल्फाला धरतं, पृष्ठावरच्याही आणि विद्राव्यही. आयएल-६ रक्तातून हटण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे पेशीने ते रिसेप्टरसकट आत ओढून घेणं. ते दार बंद झालं की तयार होणारं आयएल-६ रक्तातच साठतं. म्हणून आकडा चढतो. विद्राव्य अल्फाही वाढतो, कारण प्रतिपिंडाला चिकटलेला अल्फा जास्त काळ रक्तात टिकतो. औषध दिल्यानंतरच्या आयएल-६वरून उपयोग झाला की नाही हे ठरवू नये. ते मोजायचंच असेल तर पहिल्या डोसच्या आधी मोजावं. आणि नमुना लगेच सेंट्रिफ्यूज करून गोठवावा, कारण नळीतल्या पेशी खोलीच्या तापमानाला आयएल-६ सोडत राहतात.

सीआरपी यकृत बनवतं आणि त्याचा मुख्य हुकूम आयएल-६चा. रिसेप्टर अडला की कारखाना बंद. सीआरपीचं अर्धायुष्य सुमारे १९ तास आणि ते रोगागणिक बदलत नाही. म्हणजे उत्पादन पूर्ण थांबलं असेल तर २०० मिलिग्रॅम प्रति लिटर ७२ तासांत १४-१५वर येईल. आकडा याहून हळू उतरत असेल तर रिसेप्टर पुरता झाकलेला नाही असं समजा. संधिवाताच्या रुग्णात रक्तातलं मोकळं टोसिलिझुमॅब साधारण १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीखाली गेलं की सीआरपी परत डोकं वर काढतं. ४ मिलिग्रॅम प्रति किलोवर असलेल्या रुग्णात चौथ्या आठवड्याअखेर ते दिसतं, त्यामागे हेच.

धोका इथेच आहे, आणि हे ठळकपणे लिहायला हवं. सीआरपी खाली आलं म्हणजे दाहाचं कारण गेलं, असं नाही. निरोप्याला दारात अडवलंय, एवढंच. या रुग्णात जंतुसंसर्ग झाला तर ताप फारसा येत नाही, सीआरपी चढत नाही, आतड्याला भोक पडलं तरी पोट सुरुवातीला मऊ लागू शकतं. प्रोकॅल्सिटोनिनवरही (जंतुसंसर्गाची दुसरी रक्तखूण) डोळे झाकून विसंबू नये. श्वासाचा वेग, नाडी, रक्तदाब, लघवीचं प्रमाण, ब्लड कल्चर, आणि पोटदुखीची तक्रार असेल तर लवकर सीटी. डायव्हर्टिक्युलायटिसचा (मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या पिशव्यांचा दाह) इतिहास आधीच विचारून ठेवावा. आतड्याच्या अस्तराची डागडुजी क्लासिक मार्गाने चालते आणि टोसिलिझुमॅब तोही बंद करतं, हे भोक पडण्यामागचं सयुक्तिक कारण आहे.

संधिवातासाठी सुरू करण्याआधी न्युट्रोफिल २,०००च्या वर, प्लेटलेट १ लाखाच्या वर, यकृताची एन्झाइम्स एएलटी-एएसटी कमाल मर्यादेच्या दीडपटीच्या आत. आपल्याकडे क्षयरोगाची तपासणी टाळायचा प्रश्नच नाही, इग्रा (रक्ताची चाचणी) किंवा माँटू (त्वचेची) आणि छातीचा एक्स-रे. कार-टी (कर्करोगासाठी बदललेल्या टी पेशींचा उपचार) नंतरच्या सायटोकाइन वादळात मात्र एवढी उसंत नसते. तिथे ३० किलो किंवा जास्त वजनाला ८ मिलिग्रॅम प्रति किलो, त्याखाली १२, एका वेळी ८०० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि पुन्हा द्यायचं तर किमान आठ तासांनी, एकूण चारपर्यंत.

मोजपट्टी

सह्यकडा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. कोविडच्या लाटांत हे इंजेक्शन इथे घराघरांत माहीत झालं आणि आयएल-६चा आकडा बघून ते मागण्याची पद्धत पडली. २०२१च्या रिकव्हरी चाचणीत निवड आयएल-६वर नव्हती. ऑक्सिजन कमी पडतोय आणि सीआरपी ७५ किंवा जास्त, अशा ४,११६ रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ३५% वरून ३१% वर आले. बहुतेकांना सोबत स्टिरॉइड होतंच. फायदा खरा, पण माफक. योग्य वेळ आणि योग्य रुग्ण यांवर सगळं अवलंबून.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणसात या रिसेप्टरचा नैसर्गिक प्रयोग आधीच झालेला आहे. अल्फाच्या जनुकात ३५८व्या जागी अ‍ॅस्पार्टेटऐवजी अ‍ॅलानिन असणाऱ्यांत रिसेप्टर पृष्ठावरून जास्त कापला जातो. त्यांच्या रक्तात विद्राव्य अल्फा जास्त, आयएल-६ थोडं जास्त, पण सीआरपी कमी, आणि हृदयाच्या धमन्यांचा आजार होण्याची शक्यताही कमी. म्हणजे आयएल-६ जास्त आणि दाह कमी, हे औषधाविनाही घडतं. तुमच्या प्रयोगासाठी मानवी सीरम घेताना दाते वेगवेगळे असतील तर विद्राव्य अल्फा दात्यागणिक का बदलतो, याचं मोठं कारण हेच. एका दात्याचं सीरम वापरू नका. आठ-दहा दात्यांचं एकत्र करून त्यातला अल्फा एलायझाने (प्रतिपिंडांवर आधारलेली मोजणी) मोजून ठेवा.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. आयएल-६ २० आणि अल्फा १५०, ३० मिनिटं एकत्र ठेवून दिले. १५ मिनिटांना ठसठशीत बँड आला, जीपी१३०-एफसीने तो गेला, फक्त सीरमच्या विहिरीत काही नाही. ऑन्कोस्टॅटिन-एमही उत्तम. आता नवा पेच: ३० मिनिटांना बँड सर्वात ठळक, दोन तासांना जवळजवळ नाहीसा, आणि सहा तासांना पुन्हा दिसतो. माध्यम बदललेलं नाही. पहिली उतरण आयएल-६ संपल्यामुळे म्हणावी का?

सांजवारा

नाही. दोन तासांत २० नॅनोग्रॅम संपत नाही; हवं तर माध्यमातलं आयएल-६ एलायझाने मोजा. उतरणीमागे सॉक्स३ हे लगाम घालणारं प्रथिन आहे. स्टॅट३ केंद्रकात पोचताच जी जनुकं आधी उघडतात त्यांत सॉक्स३ येतं, आणि ते जीपी१३०च्या ७५९व्या टायरोसिनवर बसून जॅकला गप्प करतं. स्टॅट३ ज्या टायरोसिनवर बसतं ती वेगळी आणि पुढची: ७६७, ८१४, ९०५, ९१५. चालू करणारी आणि बंद करणारी जागा एकाच शेपटीवर, शेजारी-शेजारी. ७५९ बिघडवलेल्या उंदरांत वय वाढल्यावर आपोआप सांध्यांचा दाह होतो. त्या एका टायरोसिनवर किती भार आहे ते यावरून कळावं.

तपासायचं असेल तर ०, १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना आरएनए काढा. सॉक्स३चा संदेश ३० ते ६० मिनिटांत उसळलेला दिसेल, आणि त्याच्या मागोमाग फॉस्फो-स्टॅट३ उतरताना.

सहा तासांच्या दुसऱ्या लाटेचं कारण दोहोंपैकी एक. सॉक्स३ प्रथिन लवकर मोडतं, ते ओसरलं आणि माध्यमात जोडी अजून शिल्लक आहे, म्हणून मार्ग पुन्हा उघडला. किंवा पेशींनीच दरम्यान आयएल-६ वा एलआयएफ सोडलं. वेगळं करायला दोन तासांना तीन प्लेट करा: एकीला हात लावू नका, दुसरीचं माध्यम दोनदा धुऊन साधं भरा, तिसरीत जीपी१३०-एफसी घाला. धुतल्यावर आणि जीपी१३०-एफसीने दुसरी लाट गेली तर कारण शिल्लक जोडी. दोन्हींत ती टिकली तर पेशींनी सोडलेलं काहीतरी, आणि ते ट्रान्स मार्गाचं नाही. मग एलआयएफ अडवणारं प्रतिपिंड लावून बघा. चौथ्या प्लेटमध्ये रक्सोलिटिनिब (जॅक अडवणारं औषध) १ मायक्रोमोलार, साडेपाच तासांना घालून सहाला लायसिस. त्यानेही बँड राहिला तर मार्ग जॅकचा नाही, आणि मग आधी ब्लॉटवरच्या प्रतिपिंडावर शंका घ्या.